लग्नाची फोटोग्राफी : बयाना, बाकी आणि करारपत्र

लग्नसराई संपली की जळगाव किंवा धुळ्याच्या कुठल्याही फोटो स्टुडिओत जावे आणि मागच्या कपाटात डोकावून पाहावे. पेटीत बंद केलेले, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले अल्बम एकावर एक रचलेले दिसतात. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली असते. नाव, गाव, लग्नाची तारीख आणि शेवटी बाकी. कुणाची पाच हजार, कुणाची आठ, कुणाची बारा. ज्यांच्या लग्नाचा तो अल्बम, त्यांच्या घरी एव्हाना पाळणा हललेला असतो, पण अल्बम न्यायला कोणी आलेले नसते. कापडवाल्याचा माल पडून राहिला तर तो भाव पाडून विकतो. सराफाचा दागिना गिऱ्हाईकाने नेला नाही तर तो मोडून सोने परत हाती येते. दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम मात्र भंगारवालासुद्धा घेत नाही.

खानदेशात आपल्या समाजातील अनेक तरुण या धंद्यात आहेत. कोणाचा स्वतःचा स्टुडिओ आहे, कोणी दुसऱ्याकडे रोजावर कॅमेरा चालवतो, कोणी घरी बसून व्हिडिओ मिक्सिंग करतो, कोणी ड्रोन भाड्याने देतो. (फोटोग्राफीविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत हे आम्हास ठाऊक आहे; तो आजच्या लेखाचा विषय नाही.) या भागाला छायाचित्रकला नवी नाही. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) यांनी याच जिल्ह्यात राहून या कलेत मोठे नाव मिळविले. पण ती कलेची गोष्ट झाली. येथे हिशोबाची गोष्ट करायची आहे, कारण आमच्या पाहण्यात जे स्टुडिओ बंद पडले त्यांतले बहुतेक वाईट फोटोमुळे नव्हे, तर न आलेल्या बाकीमुळे बंद पडले.

पूर्वी असे का होत नसे, याचा विचार केला पाहिजे. रोलच्या जमान्यात छत्तीस फोटोंचा रोल, त्याची धुलाई, मग पोस्टकार्ड साइजच्या प्रिंट. निगेटिव्ह स्टुडिओतच राहत असत. गिऱ्हाईकाला लग्नाचा एकही फोटो पाहायचा असेल तर स्टुडिओची पायरी चढावी लागे, आणि जुन्या फोटोची आणखी एक कॉपी हवी असली तरी त्याच दारात यावे लागे. व्हिडिओची मास्टर कॅसेटही तिथेच. त्यामुळे "पैसे नंतर देतो" असे म्हणणारा माणूसही शेवटी येत असे. निगेटिव्ह हेच त्या उधारीचे तारण होते. कोणी तसे लिहून ठेवलेले नव्हते, पण धंदा त्यावर चालत होता.

आज निकाह होऊन दुल्हा स्टेजवरून खाली उतरण्याच्या आत शंभर मोबाइलवर त्याचे फोटो गेलेले असतात. तिसऱ्या दिवशी घरचे लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात : "भाई, जरा सगळे फोटो टाकून दे, मामूंना दुबईला पाठवायचे आहेत." लिहाजापोटी भाई टाकून देतो. त्या क्षणी अल्बमची ओढ निम्मी संपते आणि बाकीचीही. काम तेच आहे, कॅमेरा दहापट महाग झाला आहे, पण तारण हातातून गेले आहे. आणि आपले फोटोग्राफर बंधू व्यवहार मात्र अजून रोलच्या जमान्याचा करतात : थोडा बयाना आधी, सगळी बाकी शेवटी. ही रीत बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

उदाहरणादाखल चाळीस हजारांचे एक काम घेऊ. हल्दी, निकाह आणि वलीमा असे तीन कार्यक्रम, दोन कॅमेरे, एक व्हिडिओ, एक करिझ्मा अल्बम. यातला दुसऱ्या कॅमेरावाल्याचा रोज, व्हिडिओवाल्याचा रोज, गाडीभाडे, मिक्सिंग आणि लॅबचा अल्बम मिळून समजा चोवीस हजार रुपये खिशातून बाहेर जातात. म्हणजे स्टुडिओवाल्याची स्वतःची कमाई सोळा हजार. बारा हजारांची बाकी कपाटात अडकली तर तीन दिवसांची धावपळ आणि पंधरा दिवस कॉम्प्युटरसमोर डोळे फोडल्याचे त्याला चार हजार मिळाले. रोजावर येणारा पोरगा त्याच्यापेक्षा बरा. गिऱ्हाईक म्हणते, "अरे, तुला अठ्ठावीस हजार तर दिले!" दिले खरे, पण ते बहुतेक दुसऱ्यांचे होते.

म्हणून हप्ते ठरवताना एकच हिशोब डोळ्यांसमोर ठेवावा : खिशातून जाणारा पैसा लग्नाचा दिवस उजाडण्यापूर्वी हाती आला पाहिजे. वरच्या उदाहरणात तारीख पक्की करताना दहा हजार, लग्नाच्या दोन दिवस आधी वीस हजार, अल्बम लॅबला जाण्यापूर्वी पाच आणि अल्बम व पेन ड्राइव्ह हातात देताना शेवटचे पाच. शेवटच्या हप्त्यासाठी कोणी आलेच नाही तरी धंदा बुडत नाही. आणि पाच हजारांसाठी सहसा कोणी तोंड लपवत नाही. पंधरा हजारांसाठी लपवतात.

दुसऱ्या हप्त्याची वेळ महत्त्वाची आहे. हा हप्ता लग्नाच्या दिवशी मागू नये. त्या दिवशी पैशाची पिशवी ज्या चाचांच्या बगलेत असते त्यांना मंडपवाला, आचारी, बँडवाला, हॉलवाला, सर्वांनी घेरलेले असते. त्या गर्दीत फोटोवाल्याने हात पुढे केला तर उत्तर ठरलेले : "बेटा, तू तर घरचा आहेस, तुझे कुठे पळून चालले?" घरचा म्हटल्यावर बोलायला जागा राहत नाही. दोन दिवस आधी मात्र घरात पैसा असतो, मन मोकळे असते आणि फोटोग्राफर येणार की नाही याची काळजीही असते. बँडवाल्यांकडून हे शिकण्यासारखे आहे. त्यांची सुपारी ठरते तेव्हाच पुढची रक्कम वाजवण्यापूर्वी की वाजवल्यावर, हे ठरलेले असते आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही.

आता खानदेशाची एक खास गोष्ट. आपल्या फोटोग्राफर बंधूंचे निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक निकाहाचे नसून हिंदू बांधवांच्या लग्नांचे असते, आणि त्यातले बरेच शेतकरी कुटुंबातले. त्यांचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. दिवाळीनंतर कापूस विकला की येतो. रावेर-यावलकडे केळीची कटाई होऊन व्यापाऱ्याचा हिशोब झाला की येतो. अशा गिऱ्हाईकाला "पंधरा तारखेपर्यंत द्या" म्हणणे म्हणजे न देण्याची वाट करून देणे होय. त्यापेक्षा सरळ विचारावे, "आप्पा, कापूस कधी विकणार?" आणि मे महिन्यातल्या लग्नाचा मोठा हप्ता कापसाच्या पैशातून जानेवारी-फेब्रुवारीतच घ्यावा, त्या बदल्यात अल्बमची चार पाने वाढवून द्यावीत. शेतकऱ्यालाही ते परवडते, कारण मे महिन्यात बस्ता, मांडव, दागिने एकदम अंगावर येतात. नोकरदाराचे गणित वेगळे, परदेशातल्या मुलाच्या पैशावर लग्न करणाऱ्यांचे त्याहून वेगळे. देणाऱ्याकडे पैसा कधी येतो हे विचारण्यात कमीपणा नाही. दाणाबाजारातला प्रत्येक अडत्या हेच विचारतो.

तारखांचे गणितही बयाना ठरवताना लक्षात घ्यावे. मुहूर्ताच्या तारखा मोजक्या असतात आणि त्या तारखेला सर्वांनाच फोटोग्राफर हवा असतो. अधिक महिना आला की मुहूर्त आणखी आक्रसतात. २०२६ साली अधिक ज्येष्ठ मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे ऐन सराईतला महिना गेला. दुसरीकडे आपली चांद्र तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. २०२४ साली रमजान मार्च-एप्रिलमध्ये होता, २०२६ साली तो फेब्रुवारी-मार्चचा. रमजानमध्ये निकाह जवळपास नाहीत आणि शव्वाल लागताच एकाच आठवड्यात चार. अशा वेळी पारोळ्याला दुपारचे आणि धुळ्याला संध्याकाळचे अशी दोन कामे एका दिवसात घेण्याचा मोह होतो. जोहरनंतरचा निकाह असरपर्यंत लांबला की दुसरे गिऱ्हाईक हातचे जाते, आणि तिथली तक्रार खरी असते. करारात कार्यक्रमाची वेळ आणि तास लिहिणे यासाठीच आवश्यक आहे. दहा तासांचे काम ठरले असेल तर अकराव्या तासाचा दर आधी लिहावा. मंडपात उभे राहून तो ठरवता येत नाही.

घासाघीस तर होणारच. "मालेगावचा माणूस पंधरा हजारांत करतो" हे वाक्य ऐकले नाही असा फोटोग्राफर खानदेशात सापडणार नाही. त्यावर चिडून उपयोग नाही आणि लगेच दर पाडणे तर त्याहून वाईट, कारण पाच हजार एका शब्दात सोडले तर गिऱ्हाईकाची खात्री होते की पहिला भाव खोटा होता. दर कमी करायचा असेल तर काम कमी करावे. "हाजीसाहेब, पस्तीसमध्ये करतो, हल्दीच्या रात्री एकच कॅमेरा येईल आणि अल्बम चाळीसऐवजी तीस पानांचा होईल." असे म्हटले की गिऱ्हाईक स्वतःच विचार करते. बहुधा चाळीसवरच येते. नाही आले तरी आपले नुकसान नाही. शिवाय काय मिळणार हे मोजून सांगावे : फोटो किती, पाने किती, व्हिडिओ किती मिनिटांचा, किती दिवसांत. "एक नंबर काम करून देतो" या शब्दांवर कोणतेही न्यायालय निकाल देऊ शकत नाही.

येथवर रकमेची गोष्ट झाली. खरी अडचण बयान्यात आहे. तो द्यायचा-घ्यायचा सर्वांना माहीत आहे, पण लग्न मोडले किंवा तारीख बदलली तर त्याचे काय, हे फार थोडे लोक आधी बोलतात. बोलणे अशुभ वाटते. आणि मग फोटोग्राफर म्हणतो बयाना बुडाला, गिऱ्हाईक म्हणते काम झाले नाही तर पैसे कसले.

कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यातील कलम ७३ प्रमाणे करार मोडणाऱ्याने समोरच्याचे प्रत्यक्ष नुकसान भरून द्यायचे असते आणि कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. या संदर्भात मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा निकाल वकील मंडळी आजही दाखवतात. मौला बक्ष यांनी १९४७ साली लष्कराला बटाटे पुरविण्याचा एक आणि कोंबड्या, अंडी व मासे पुरविण्याचा दुसरा करार केला होता. दहा हजार आणि साडेआठ हजार अशी अनामत भरली होती. पुरवठा वेळेवर झाला नाही म्हणून सरकारने करार रद्द केले व अनामत जप्त केली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सौदा पक्का करण्यासाठी दिलेला वाजवी इसार जप्त करणे वेगळे आणि हमी म्हणून ठेवलेली अनामत दंडापोटी गिळणे वेगळे. नुकसान मोजता येण्यासारखे होते, सरकारने ते सिद्ध केले नाही, म्हणून अनामत ठेवून घेता आली नाही. बटाट्याचा व्यापारी सरकारसमोर बावीस वर्षे टिकला, हे विशेष.

आपल्या धंद्यात याचा अर्थ असा की तारीख अडवून ठेवण्यासाठी घेतलेली दहा-पंधरा टक्क्यांची रक्कम, "इसार" असे स्पष्ट लिहून घेतलेली, टिकण्याची शक्यता जास्त. पण निम्मे पैसे आगाऊ घेऊन "कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाहीत" असे छापून ठेवले तर ते टिकेलच असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर अनुचित करार अशी वेगळी व्याख्याच केली आहे, आणि नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड त्यात येतो.

आपल्या वाचकांसाठी याची दुसरीही बाजू आहे. बयाना जप्त करण्याला फिक्हमध्ये उर्बूनचा प्रश्न म्हणतात. हनफी, मालिकी व शाफई फुकहांनी सामान्यतः ते नाजायज मानले, हंबली मसलकात त्याची परवानगी आहे. इस्लामी फिक्ह अकादमीने १९९३ मध्ये मुदत ठरलेली असल्यास बयान्याचा व्यवहार जायज ठरविला. ज्यांना या बाबतीत काटेकोर राहायचे आहे त्यांनी आपल्या मुफ्तींना विचारावे. पण दोन्ही बाजूंना पटेल अशी एक व्यवहारी वाट आहे आणि काही जुने लोक ती पाळतात : लग्न रद्द झाले व त्याच तारखेला दुसरे काम मिळाले, तर बयाना पूर्ण परत. काम मिळाले नाही, तर त्या तारखेचे जे खरे नुकसान झाले, म्हणजे आधीच दिलेला माणसांचा रोज, बुक केलेला ड्रोन, नाकारलेले दुसरे काम, तेवढे कापून उरलेले परत. यासाठी किती दिवस आधी कळवले याला महत्त्व आहे. तीन महिने आधी कळवणाऱ्याचा आणि हल्दीच्या आदल्या दिवशी कळवणाऱ्याचा बयाना एकाच मापाने मोजू नये. घरात मयत झाली म्हणून तारीख पुढे गेली असेल तर पहिल्या वेळी एक पैसाही कापू नये, फक्त नवी तारीख मोकळी असली पाहिजे, हे लिहून ठेवावे.

आणि फोटोग्राफरच आला नाही तर? तेही लिहिले पाहिजे, नाहीतर करार एकतर्फी होतो. आजारपण, अपघात कोणालाही आहे. आपल्याच तोडीचा दुसरा माणूस पाठविणे, ते न जमल्यास घेतलेली सर्व रक्कम परत करणे, ही किमान गोष्ट. लग्न दुसऱ्यांदा होत नाही, त्यामुळे काम न करणाऱ्या किंवा फोटो हरवणाऱ्या फोटोग्राफरविरुद्ध ग्राहक आयोगांनी भरपाईचे आदेश दिलेले आहेत. कार्यक्रमातून निघण्यापूर्वी दोन ठिकाणी कॉपी, हा नियम कागदावर नको, अंगात हवा.

२०२० साली या सगळ्याची परीक्षा झाली. त्या वर्षी गुढीपाडव्याच्या दिवशीच, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी लागू झाली. उन्हाळ्याची सगळी सराई गेली. मेअखेरच्या ईदनंतर शव्वालचे निकाह घरातल्या घरात झाले. स्टुडिओवाल्यांनी घेतलेले बयाने कॅमेऱ्याच्या हप्त्यात आणि घरखर्चात गेले होते आणि गिऱ्हाईक परत मागत होते. दोघांचेही खरे होते. करार कायद्याचे कलम ५६ म्हणते की करार झाल्यावर काम अशक्य किंवा बेकायदा झाले तर करार रद्दबातल होतो, आणि कलम ६५ प्रमाणे अशा करारातून घेतलेला लाभ परत करावा लागतो. पण लग्न अशक्य झाले होते की फक्त छोटे झाले होते? एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पंचवीस माणसे आणि दोन तास एवढ्याच मर्यादेत लग्नाला परवानगी होती. दोन तासांच्या लग्नाला तीन दिवसांचा दर कसा लावणार? ज्यांनी लिहून ठेवले नव्हते त्यांनी नाते सांभाळत कसाबसा मार्ग काढला, काहींचे नाते तुटले. तेव्हापासून आम्ही सर्वांना सांगतो की सरकारी आदेशाने कार्यक्रम थांबला किंवा आटोपशीर झाला तर काय, याची एक ओळ करारात असू द्यावी : तारीख पुढे नेण्याची मुभा, वर्षभराची मुदत, आणि काम कमी झाल्यास त्या प्रमाणात दर.

कागदाचे नाव काढले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "विश्वास नाही का?" उलट विचारावे की विश्वास आहे म्हणूनच आज लिहू, उद्या आठवणीत फरक पडेल. कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकरहची २८२ वी, मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे, आणि व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये असे त्यात बजावले आहे. हे आपण वाजात ऐकतो, पण भाचीच्या लग्नाच्या ऑर्डरला पावती करायला लाजतो. नातेवाइकाला सूट द्यायची असेल तर ती कागदावरच लिहून द्यावी : एकूण चाळीस, नात्याची सूट आठ, देय बत्तीस. मग त्या बत्तीसमध्ये आणखी घासाघीस सहसा होत नाही.

सही कोणाची घ्यायची हेही महत्त्वाचे. खानदेशी लग्नात फोटोवाला मुलाकडचा की मुलीकडचा यावर दोन्ही घरांचा वेगळा समज असू शकतो. ऑर्डर द्यायला नवरदेवाचा मित्र येतो, पैसे मामू देणार असतात आणि मंडपात "हाही एक काढ, तोही एक काढ" असे सांगणारे वीस जण असतात. जो पैसे देणार त्याचीच सही घ्यावी आणि जादा काम फक्त त्याच्या सांगण्यावरून होईल असे लिहावे. निरोप मोबाइलवर आला तरी चालतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार कायद्याने मान्य आहे. ठरलेली रक्कम आणि हप्ते एका संदेशात पाठवून "मान्य आहे" एवढे उत्तर घेतले तरी तोंडी बोलण्यापेक्षा ते शंभरपट बरे. संदेश पुसू नयेत एवढेच. रोख घेतली तर पावती द्यावी. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लागते. एका कार्यक्रमासाठी एकाच माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास २०१७ पासून मनाई आहे. आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे जात असेल तर जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, हे आधी बोलावे; नंतर अठरा टक्के मागितले की भांडण ठरलेले.

फोटो कोणाच्या मालकीचे, यावर आपल्या बंधूंचा मोठा गैरसमज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे दुल्हनचा सुंदर फोटो स्टुडिओच्या काचेत लावणे किंवा इंस्टाग्रामवर टाकणे हा आपोआप मिळणारा हक्क नाही. आपल्या घरांत तर हा नाजूक प्रश्न आहे. घरातल्या स्त्रियांचे फोटो बाहेर जाऊ नयेत अशी पुष्कळांची इच्छा असते, काही ठिकाणी जनाना भागात महिला फोटोग्राफरच हवी असते. हे ऑर्डर घेतानाच विचारून घ्यावे आणि जाहिरातीसाठी कोणते फोटो वापरणार, की एकही नाही, ते लिहावे. गिऱ्हाईकाला न विचारता ही ओळ आपण स्वतः समोर ठेवली की त्याचा विश्वास बसतो, आणि पुढे हप्त्यांची गोष्ट सोपी जाते. हा अनुभव अनेकांचा आहे.

बाकी अडकण्याचे आणखी एक कारण म्हणजे सिलेक्शन. दोन हजार फोटोंतून दीडशे निवडायचे काम घरात कोणी हाती घेत नाही. नवी सून माहेरी गेलेली असते, नणंदेला वेळ नसतो, सहा महिने जातात. अल्बम झाला नाही म्हणून बाकी नाही. करारात तीस दिवसांची मुदत असावी, त्यानंतर निवड फोटोग्राफर करेल आणि बाकी देय होईल. फोटो किती महिने सांभाळणार तेही लिहावे.

एवढे करूनही पैसे बुडू शकतात. त्या वेळी लक्षात ठेवावे की ग्राहक आयोग हा गिऱ्हाईकासाठी आहे. फोटोग्राफरला बाकी वसुलीसाठी तिथे जाता येत नाही. चेक परत आला तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर पंधरा दिवसांची वाट आणि त्यानंतर एका महिन्यात फौजदारी न्यायालयात तक्रार, हा कलम १३८ चा क्रम आहे. एक मुदत चुकली की काम अवघड. चेक नसेल तर दिवाणी दावा, पण दहा हजारांसाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या चकरा कोण मारणार? त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत दाव्याआधीच तडजोड करावी. कोर्ट फी लागत नाही आणि न्यायालयाची नोटीस आली की बरेच लोक समजुतीवर येतात. जळगावला आणि धुळ्याला, दोन्हीकडे ही सोय आहे.

आपल्या बंधूंच्या सोयीसाठी कागदाचा एक मसुदा देतो. त्यात आपल्या गरजेप्रमाणे फेरफार करावा.

"मी, (नाव, पत्ता, मोबाइल), माझ्या मुलाच्या/मुलीच्या लग्नाच्या फोटो व व्हिडिओचे काम (स्टुडिओचे नाव) यांना देत आहे. कार्यक्रम, ठिकाण, तारीख व वेळ : (…). कॅमेरे व माणसे : (…). देण्याच्या वस्तू : फोटो (…), अल्बम (…) पाने, व्हिडिओ (…) मिनिटे. एकूण रक्कम रुपये (…). इसार रुपये (…) आज दिला, तो एकूण रकमेत धरला जाईल. दुसरा हप्ता रुपये (…) कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, तिसरा रुपये (…) अल्बम छपाईपूर्वी, उरलेले रुपये (…) अल्बम व पेन ड्राइव्ह घेताना. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम झाल्यास ताशी रुपये (…). मी काम रद्द केल्यास व त्या तारखेला स्टुडिओला दुसरे काम मिळाल्यास इसार पूर्ण परत. न मिळाल्यास झालेला खर्च व नुकसान कापून उरलेली रक्कम परत. स्टुडिओ येऊ न शकल्यास तेवढ्याच कुशल माणसाची सोय, नाहीतर सर्व रक्कम परत. घरात मृत्यू किंवा सरकारी आदेश यामुळे तारीख बदलल्यास एका वर्षाच्या आत मोकळ्या तारखेला त्याच दराने काम. आदेशामुळे काम कमी झाल्यास त्या प्रमाणात दर. फोटोंची निवड तीस दिवसांत. नंतर निवड स्टुडिओ करेल व बाकी देय होईल. फोटो (…) महिने सांभाळले जातील. जाहिरातीसाठी फोटो वापरण्यास परवानगी आहे/नाही. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख."

हे दोन प्रतींच्या कार्बनच्या पुस्तकात छापून घ्यावे. भाषा मराठी असावी. इंग्रजीत छापलेल्या बारीक अक्षरांवर सही केलेले गिऱ्हाईक नंतर "मला वाचताच आले नाही" म्हणते, आणि त्यात तथ्यही असते. उर्दू वाचणारे गिऱ्हाईक जास्त असेल तर मागच्या बाजूला तोच मजकूर उर्दूत द्यावा.

राहिला प्रश्न कपाटातल्या जुन्या अल्बमांचा. पैसे कधी द्यायचे हे ठरलेले नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. १९६३ च्या मुदत कायद्याची ही मर्यादा आहे. ती संपण्यापूर्वी देणाऱ्याने बाकी मान्य करून सही केली, किंवा थोडी रक्कम देऊन तसे स्वतः लिहून दिले, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. तेव्हा कपाट एकदा रिकामे करून अल्बम तारखेप्रमाणे लावावेत. ज्यांना अडीच वर्षे होत आली आहेत त्यांच्याकडे आधी जावे. अल्बम सोबत न्यावा, चार पाने उघडून दाखवावीत, थोडी सूट देऊ करावी, जमेल तेवढी रक्कम घ्यावी आणि उरलेल्या बाकीवर सही घेऊनच अल्बम हवाली करावा.